कोरड्या गावातले आरमार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले आणि विषय कोणता घेणार असे विचारले, तेव्हा ‘युद्धनौकांच्या प्रतिकृती’ हे उत्तर ऐकून ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग अत्यंत सौजन्याने त्यांनी एवढेच विचारले, ‘सोलापुरात?’ त्या एका शब्दात सगळा आक्षेप आला. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. वैशाखात पिण्याच्या पाण्याची वाट पाहणारे आपले गाव. अशा गावात बसून कोणी डोलकाठ्या तासतो आणि तोफा रंगवतो असे सांगितले, तर ऐकणाऱ्याने आधी आमच्याकडे आणि मग उन्हाकडे पाहावे हे स्वाभाविकच आहे.

तथापि या आक्षेपाला आमच्यापाशी दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर गड्ड्याच्या जत्रेत मिळते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेथे पत्र्याची एक लहानशी बोट विकावयास येत असे. आत इवलासा बंब, त्याखाली तेलाची वात. वात पेटवली की बंबातल्या पाण्याची वाफ होई, ती नळीवाटे मागे पाणी ढकली आणि बोट फट्‌फट् करीत परातीत फेऱ्या मारू लागे. या सभेत पन्नाशी ओलांडलेले जे गृहस्थ आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या आयुष्यातले पहिले जहाज तेच असेल. आमचेही तेच होते.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच गावात झाला. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या गलबते होती अशांपैकी ते नव्हते. परंतु १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी करण्यात ते अग्रभागी होते. त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडच्या वाटेला लागले, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पुढे १९४१ साली विशाखापट्टणम येथे त्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला, आणि स्वतंत्र भारतात तेथून पाण्यात उतरलेले पहिले जहाज ‘जलउषा’ हे १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उतरले. आज तो कारखाना संरक्षण मंत्रालयाकडे आहे. तात्पर्य, जहाजाचा ध्यास धरण्यासाठी समुद्राकाठी जन्मावे लागत नाही. वालचंदांनी खरी जहाजे काढली, आम्ही लाकडाची काढतो, एवढाच काय तो फरक! (आणि तो फरक किती मोठा आहे हे आम्ही जाणून आहो.)

आता मूळ विषयाकडे वळू. खेळणे, शोभेची वस्तू आणि प्रतिकृती या तीन गोष्टी लोक एकच समजतात, पण त्या एक नाहीत. खेळण्याने मूल रमले पाहिजे. शोभेच्या वस्तूने दिवाणखाना सजला पाहिजे. प्रतिकृतीने मात्र मूळ वस्तूशी प्रमाण राखले पाहिजे. मूळ जहाजावरची कोणतीही दोन अंतरे घ्या. त्यांचे परस्परांशी जे नाते असेल, तेच आपल्या हातातल्या लाकडातही उतरले पाहिजे. हे नाते सांभाळले नाही, तर उरते ते केवळ जहाजाचे चित्र, आणि तेही चुकीचे.

उदाहरण घेऊ. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. तिची लांबी सुमारे ७०० फूट. सातशेस एक हे प्रमाण धरले तर ती बरोबर एक फुटात बसते, शाळेच्या पट्टीएवढी. जपानातील शिझुओका शहरातल्या चार कारखानदारांनी १९७१ साली याच प्रमाणात प्लॅस्टिकच्या युद्धनौकांची मालिका काढली आणि ते प्रमाण जगभर रूढ झाले. लांबी सातशे पटींनी कमी झाली, हे कोणालाही कळते. मौज पुढेच आहे. लांबीबरोबर रुंदीही सातशे पटींनी घटते आणि उंचीही. म्हणून जहाजाचे वजन सातशेच्या घनाने, म्हणजे ३४ कोटी ३० लाख पटींनी घटते. पूर्ण भारासह ‘विक्रांत’ सुमारे १९,५०० टन पाणी बाजूला सारीत असे. तिची एक फुटी प्रतिकृती योग्य रेषेपर्यंत पाण्यात बुडावी असे वाटत असेल, तर तिचे वजन सत्तावन्न ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पाचएक तोळे भरले पाहिजे. एकोणीस हजार पाचशे टनांचे पाच तोळे! सोनाराचा काटा आणि आमचा काटा येथे एक होतो.

हा उद्योग रिकामटेकड्यांचा आहे असा समज असेल तर तोही दूर करू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या नौदलात युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती करण्याचा प्रघात होता, बहुधा अठ्ठेचाळीसास एक या प्रमाणात. एक फुटास पाव इंच, म्हणजे सुताराला पट्टीवर सहज मोजता येणारे माप. दुसऱ्या महायुद्धात बाराशेस एक या प्रमाणातल्या चिमुकल्या नौका खलाशांना आणि वैमानिकांना दाखवीत, क्षितिजावर दिसणारी आकृती शत्रूची की मित्राची हे ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून. तेथे मापातली चूक म्हणजे आपल्याच जहाजावर बॉम्ब. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत नौकांच्या प्रतिकृतींच्या स्पर्धा होतात, आणि समुद्र न पाहिलेली मुले त्यांत जहाजाचे अंग-प्रत्यंग शिकतात.

कृती थोडक्यात सांगतो. प्रथम नकाशा. जहाजाचा नकाशा म्हणजे आडव्या आणि उभ्या छेदांचा संच. आम्ही आडव्या छेदांप्रमाणे पातळ फळ्या कापतो, त्या एकावर एक चिकटवतो, आणि मग पायऱ्यांसारखे जे कोपरे बाहेर राहतात ते तासून काढतो. जाड पुठ्ठ्यातून उभ्या छेदांचे साचे कापून ठेवावे लागतात. दर दोन मिनिटांनी साचा अंगाला लावून पाहावयाचा, जेथे उजेड दिसेल तेथे अजून तासावयाचे. जेथे जास्त तासले गेले तेथे स्वतःला चार शब्द बोलून पुन्हा भरावयाचे. सागवान खऱ्या जहाजाला उत्तम, पण त्याचे रेषे लहान कामाला भरड दिसतात. शिवणीचे लाकूड त्या मानाने आज्ञाधारक.

दोरखंडाच्या बाबतीत मात्र सोलापुरासारखे गाव नाही. बंदरातल्या माणसाला बारीक सुतासाठी दुकाने शोधावी लागतील, आम्हांला मागावाल्याच्या दारात उभे राहिले की झाले. ताण्याचे उरलेले, खळ दिलेले सूत घट्ट असते, त्याला केसाळपणा नसतो. ते मेणातून ओढून घेतले की डोलकाठीचे दोर तयार. ज्या गावाने देशभर चादरी पाठवल्या, त्या गावच्या सुताने आमच्या आरमाराची शिडे बांधली आहेत.

रंगाचे काम सगळ्यांना सोपे वाटते आणि बहुतेक प्रतिकृती तेथेच बिघडतात. रंगाचा एक थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर सातशेस एक या प्रमाणात तो सात सेंटिमीटरांचा लेप झाला. कोणत्या जहाजावर एवढ्या जाडीचा रंग असतो? कठड्याची तीन सेंटिमीटर जाडीची सळई या प्रमाणात केसाहूनही बारीक होते. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करून हलक्या हाताने, पुनःपुन्हा द्यावा लागतो. दुसरे असे, की एक फुटावरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे सातशे फुटांवरून पाहिलेले जहाज. मधल्या हवेने दूरची वस्तू फिकी दिसते. डोंगर लांबून निळसर दिसतो तसे. म्हणून खऱ्या जहाजाच्या डब्यातला करडा रंग जसाच्या तसा दिला तर प्रतिकृती काळवंडलेली दिसते. त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो, आणि चकाकी पूर्णपणे मारावी लागते. पाण्याखालचा तांबडा भाग, पाण्याच्या रेषेवरचा काळा पट्टा, नांगराच्या साखळीखाली उतरलेला गंजाचा ओघळ, ही सगळी कामे नंतरची. नवखा माणूस गंजापासूनच सुरुवात करतो.

येथवर आम्ही जे सांगितले ते हाताचे कौशल्य झाले. ज्या गोष्टीसाठी आज येथे उभे आहो ती वेगळी आहे, आणि तीत आमची फजिती असल्यामुळे ती सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मराठ्यांच्या आरमारातली एक गुराब केली. हौस दांडगी होती. तीन फूट लांब, मागचा भाग वाड्यासारखा उंच, दोन्ही अंगांस तोफांच्या तीन-तीन रांगा, नाळेवर सिंहाचे मुख, आणि सगळे अंग तांबड्या-भगव्या रंगांत झळकणारे. एका शाळेच्या प्रदर्शनात ती मांडली. लोकांनी वाखाणली, हार घातला, आम्हीही फुगलो. तेवढ्यात सातवी-आठवीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “काका, ही पाण्यावर राहती का हो?”

आम्ही म्हणालो, “राहील की, बाळ. न राहायला काय झालं?”

“मग सोडून दाखवा ना.”

शाळेच्या शिपायाने मोठे घंगाळ आणले. पाण्याच्या रेषेपर्यंत बुडावी म्हणून आम्ही तळाला शिशाचे तुकडे बांधले. सोडताक्षणी गुराबेने एका अंगास मान टाकली, आणि सिंहासकट, तोफांसकट, हारासकट ती पाण्यात आडवी झाली. मुले हसली. मुलगी हसली नाही. तिने विचारले, “खरी अशीच होती का?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण खरी कशी होती हे आम्ही शोधलेच नव्हते. चित्रपटांतली युरोपीय जहाजे आणि आमचा अभिमान या दोहोंची जोड घालून आम्ही गुराब निर्माण केली होती.

घरी येऊन आम्ही पुस्तके काढली. पहिले ‘आज्ञापत्र’. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात काय सापडावे? गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी अवाढव्य जहाजे बांधण्याचे कारण नाही. म्हणजे आम्ही जे केले होते, नेमके ते करू नये असे सांगणारा हुकूम तीनशे वर्षांपूर्वीच निघालेला होता! त्याच प्रकरणात लाकडाविषयीही सांगितले आहे. साग तोडावा तो परवानगीने. आंबा-फणसाची झाडे कामाची खरी, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना बळेच हात लावू नये. आरमाराची उभारणी करताना रयतेच्या आंब्याची आठवण ठेवणारे ते राज्य, आणि त्याची थोरवी दाखवावयास आम्ही सिंहाचे तोंड चिकटवीत बसलो होतो.

दुसरा साक्षीदार परका आहे, पण बारकाईने पाहणारा आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन लिहून ठेवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन काठ्यांची ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात थोडी बुडणारी, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि पुढे लांब चोचीसारखी निघालेली नाळ. मुख्य तोफा दोन, नऊ ते बारा पौंडी, त्या समोर रोखलेल्या. चोचीच्या वरून पुढे मारा करणाऱ्या. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबते याहून लहान, सत्तर टनांच्या आतली. त्यांना चाळीस-पन्नास वल्ही. काहींवर वजन कमी राहावे म्हणून चिरलेल्या बांबूंचे छत. वारा पडला की ही गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत.

हे वाचले आणि डोळ्यांपुढे एक निराळेच आरमार उभे राहिले. उथळ खाड्यांतून आत-बाहेर करणारे, बसक्या अंगाचे, वारा नसतानाही हलणारे. त्याच्यापुढे आमची तीन मजली गुराब म्हणजे लग्नातला रथ होता. वाड्यासारखा मागचा भाग आणि तोफांच्या तीन रांगा थोड्या पाण्यात चालणाऱ्या नौकेवर ठेवल्या, तर ती उलटणारच. घंगाळातल्या पाण्याला इतिहास ठाऊक नव्हता, पण पदार्थविज्ञान ठाऊक होते. आपले पूर्वज मोठे होते ते त्यांची जहाजे मोठी होती म्हणून नव्हे. आपल्या किनाऱ्याला कोणते जहाज हवे हे त्यांना कळले होते म्हणून.

आता कोणी विचारील, एवढे कळले, मग बिनचूक गुराब करण्यास अडचण कोणती? अडचण हीच की गुराबेचा नकाशा आमच्या हाती नाही. आपले जहाज सुताराच्या हातात आणि डोळ्यांत असे, कागदावर नसे. आणि जहाजेही उरली नाहीत. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढवला. त्या माऱ्यात बंदरातल्या एका जहाजाला आग लागली, ती एकापासून दुसऱ्याला लागत गेली, आणि आंग्र्यांचे आरमार जागच्या जागी जळाले. जे जहाज प्रथम पेटले तेही आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेले होते. आपल्या आरमाराची होळी झाली तीत आपलाही हात होता, ही गोष्ट गुराब करणाऱ्याने विसरून चालत नाही.

याउलट दुसरे चित्र पाहा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली, मलबारच्या सागवानाची. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजाबरोबर पाठवले होते. १८१२ साली ते जहाज अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेले, त्याबरोबर नकाशेही गेले, आणि दुसरी प्रत येईपर्यंत काम वर्षानुवर्षे खोळंबले. कागद येईपर्यंत लाकडाला हात लावावयाचा नाही, अशी ती शिस्त. म्हणून आज कोणालाही त्रिंकोमालीची प्रतिकृती सुताइतकी अचूक करता येते. हात आपल्याच मुंबईच्या सुतारांचे होते. कौशल्य दोन्हीकडे होते. फरक पडला तो टिपून ठेवण्यात.

मग गुराब करूच नये काय? आम्ही बरेच दिवस या विचारात घालवले आणि शेवटी एक तोड काढली. दुसरी गुराब केली ती अठ्ठेचाळीसास एक या प्रमाणात, दोनच काठ्यांची. ज्या भागाला साक्षीदार आहे तो भाग सागाचा केला आणि तेल पाजून गडद केला. पुढची चोच, समोरच्या दोन तोफा, दोन काठ्या, अंगाचा रुंद आणि निमुळता घाट. जो भाग केवळ तर्काने बसवला तो शिवणीचा ठेवला, कोरा, तेलाचा हातही न लावता. मागच्या भागाचा नेमका आकार, कठड्याची उंची, सुकाणूची जागा आणि एकंदर लांबीसुद्धा, कारण ती आम्ही टनांच्या आकड्यावरून अंदाजाने काढली. रंग दिलाच नाही. तांबडा की काळा हे सांगणारा कोणी भेटला नाही. ही गुराब घंगाळात सोडली तेव्हा ती उभी राहिली, जराशी हलली आणि स्थिर झाली. यावरून ती खरी ठरते असे नव्हे. खोटी नसण्याचा पहिला दाखला तेवढा तिने दिला.

ती प्रदर्शनात ठेवली तर लोक विचारतात, ‘काम अर्धवट का सोडले?’ आम्ही सांगतो, काम पुरे आहे, माहिती अर्धवट आहे. काहींना हे आवडत नाही. पूर्वजांच्या जहाजात कोरी जागा त्यांना अपमानासारखी वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कोरी जागा पाहून उद्या एखादा मुलगा ती भरण्यासाठी दप्तरखान्यात जाईल. खोटा रंग पाहून कोणी कोठेही जाणार नाही, कारण सर्व काही ठाऊक आहे अशी त्याची समजूत झालेली असेल.

हा केवळ जुन्या काळाचा प्रश्न आहे असेही नाही. ‘विक्रांत’चेच पाहा. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने कामगिरी केली, ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ च्या अखेरीस तिची मोडतोड सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींत गेला. तिचे नाव घेऊन नवी नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली, पण जुनी आता पाहावयास मिळणार नाही. तिची उडाणपट्टी केवढी होती हे पुढच्या मुलाला कळेल ते नकाशांवरून, छायाचित्रांवरून आणि प्रतिकृतींवरून. तेथे आम्ही शोभेसाठी चार विमाने जास्त बसवली, तर ते चुकीचे माप त्याच्या मनात कायमचे राहील.

दीवला समुद्राकाठच्या टेकडीवर ‘खुखरी’ नौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी ती पाणतीराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात राहिले. जहाजच तळाशी गेले, तेव्हा स्मारक कशाचे करावयाचे? तेथे काचेच्या पेटीत खुखरीची प्रतिकृती ठेवली आहे. ज्यांचे कोणी त्या जहाजावर होते, त्यांनी त्या पेटीपुढे उभे राहून ‘येथे ते उभे असतील’ असे म्हणत एखाद्या कठड्याकडे बोट दाखवले, तर तो कठडा तेथेच असला पाहिजे. आमच्या धंद्यात मापाशी इमान राखणे म्हणतात ते याला.

असो. वेळ झाला आहे. बाहेरच्या टेबलावर दोन्ही गुराबा मांडल्या आहेत. तीन मजली, भगवी, घंगाळात बुडालेली एक, आणि कोऱ्या शिवणीची दुसरी. पहिली आम्ही मुद्दाम मोडली नाही, ती आमची गुरू आहे. दुसरी जवळून पाहा, मुलांना हातही लावू द्या. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी, कोकणातल्या आजोळी, एखाद्या जुन्या कागदात, सुताराच्या हिशेबात किंवा देवळातल्या चित्रात गुराबेच्या मागच्या भागाविषयी एक ओळ जरी सापडली, तरी आम्हांस कळवावे. तेलाची वाटी आम्ही भरून ठेवली आहे. आणखी एक फळी गडद करता आली तर या उन्हाळ्याचे सार्थक झाले असे समजू.